बारा व्होल्टची वेस: गाडीतल्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद आणि तिची धग

मोटारगाडीतल्या अ‍ॅम्प्लिफायरची ताकद आधी बॅटरी ठरवते, मग कारागीर. इंजिन सुरू असताना अल्टरनेटरमुळे १२ व्होल्टच्या बॅटरीवर साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्पीकरचे एकच टोक हलवणाऱ्या सर्किटला या व्होल्टेजच्या मध्यापासून वर ७.२ आणि खाली ७.२ व्होल्ट एवढीच जागा असते. ४ ओहमच्या स्पीकरवर त्यातून गणिताने साडेसहा वॅट निघतात; ट्रान्झिस्टरमध्ये वाया जाणारे व्होल्ट वजा केले की हातात चार-साडेचार उरतात. घरातल्या अ‍ॅम्प्लिफायरला ही अडचण नसते, कारण घरच्या विजेवर ट्रान्सफॉर्मर लावून हवे तेवढे व्होल्ट काढता येतात. गाडीतली वीज एकाच दिशेने वाहणारी, ती तशीच ट्रान्सफॉर्मरला दिली तर पलीकडे काहीच निघत नाही. ही वेस ओलांडायचे मार्ग तीनच: व्होल्ट वाढवणे, स्पीकर दोन्ही टोकांनी हलवणे किंवा स्पीकरचा रोध कमी करणे. गेल्या नव्वदएक वर्षांत गाडीतल्या आवाजासाठी जे काही झाले ते याच मार्गांनी झाले आणि दर वेळी जास्तीच्या आवाजाबरोबर जास्तीची उष्णता आली. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरची ताकद वाढवणे आणि तो थंड ठेवणे ही कामे कधीच वेगळी नव्हती. ज्यांनी ती वेगळी धरली त्यांचे ट्रान्झिस्टर जळाले.

शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनने १९३० मध्ये ‘मोटोरोला’ या नावाने गाडीचा रेडिओ बाजारात आणला. त्या काळच्या रेडिओत व्हॉल्व्ह असत आणि व्हॉल्व्हच्या प्लेटला दोनशेच्या घरात व्होल्ट लागत, तर गाडीची बॅटरी होती ६ व्होल्टची. सुरुवातीला त्यासाठी कोरड्या बॅटऱ्यांचा वेगळा संच गाडीच्या तळाशी बसवत आणि तो संपला की नवा विकत घेत. ही कटकट व्हायब्रेटरने संपवली. व्हायब्रेटर म्हणजे व्हॉल्व्हएवढे पत्र्याचे नळकांडे. त्यातली पोलादी पट्टी सेकंदाला सुमारे ११५ वेळा इकडून तिकडे थरथरायची आणि ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या वेटोळ्याचे दोन अर्धे भाग आळीपाळीने बॅटरीला जोडायची. सरळ वाहणाऱ्या विजेचे असे तुकडे पडले की ट्रान्सफॉर्मर काम करू लागे आणि दुसऱ्या बाजूला दोनशेहून अधिक व्होल्ट तयार होत. इंडियानापोलिसच्या मॅलरी कंपनीचे व्हायब्रेटर त्या काळी सर्वत्र वापरात होते. पट्टीवरचे संपर्कबिंदू ठिणग्यांनी झिजत, म्हणून नळकांडे उपसून नवे खोचता यावे अशी त्याला खोबण असे. ही युक्ती नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण चाळीस वर्षांनी तीच वेगळ्या रूपात परत आली.

१९५० च्या दशकात अमेरिकेतल्या गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर गेल्या आणि त्याच सुमारास ट्रान्झिस्टर आला. फिल्कोने क्रायस्लरसाठी केलेला पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ १९५५ च्या अखेरीस, १९५६ सालच्या मॉडेलच्या गाड्यांत, १५० डॉलरना मिळू लागला. बाकीच्यांनी काही वर्षे मधला मार्ग धरला: १२ व्होल्टवर चालणारे खास व्हॉल्व्ह आणि शेवटी स्पीकर हलवायला एक मोठा जर्मेनियम ट्रान्झिस्टर. व्हायब्रेटर गेला, ट्रान्सफॉर्मर गेला, रेडिओ लहान झाला. पण वेस तिथेच राहिली. उलट व्हॉल्व्हच्या काळात व्होल्ट वाढवायची जी सोय होती तीच आता काढून टाकली गेली.

उष्णतेचा प्रश्नही इथेच पहिल्यांदा नीट उघडा पडला. तो एकटा ट्रान्झिस्टर ‘क्लास ए’ पद्धतीने चाले, म्हणजे गाणे वाजो वा न वाजो, त्यातून सतत अँपिअरभर वीज वाहत राही. तीन-चार वॅटच्या आवाजासाठी दहा-बारा वॅट जळत. जर्मेनियमचा आतला तुकडा शंभर अंश सेल्सिअसच्या आतबाहेरच दम तोडतो. तो तापला की त्यातून जास्त वीज गळते, जास्त वीज गळली की तो आणखी तापतो, आणि ही साखळी सुरू झाली की क्षणात ट्रान्झिस्टर जातो. त्यामुळे रेडिओच्या डब्याला मागच्या बाजूने अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांचा हीट सिंक आला आणि ट्रान्झिस्टर डब्याबाहेर, हवेवर बसला. डेल्कोच्या रेडिओंत या ट्रान्झिस्टरच्या वाटेवर मुद्दाम एक असा रेझिस्टर असे, जो वीज मर्यादेबाहेर गेली की आधी स्वतः जळे. १९६० च्या दशकात सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले. आरसीएच्या २एन३०५५ ला २०० अंशांपर्यंतची धग चाले आणि चांगला थंड ठेवला तर तो ११५ वॅट उष्णता पचवू शके. जगभरच्या, आणि आपल्याकडच्याही, मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्या या एका ट्रान्झिस्टरवर हात बसवत शिकल्या.

आठ ट्रॅकची टेप १९६५ पासून फोर्डच्या गाड्यांत आली, पाठोपाठ कॅसेट आली आणि गाडीत संगीत ऐकणे ही बातम्या ऐकण्यापेक्षा वेगळी गोष्ट झाली. चार वॅट अपुरे वाटू लागले. त्यावर पहिला उपाय ब्रिज सर्किटचा: स्पीकरचे एक टोक जमिनीला न जोडता दोन्ही टोकांना एकेक अ‍ॅम्प्लिफायर लावायचा आणि एक वर ढकलत असताना दुसऱ्याने खाली ओढायचे. व्होल्ट दुप्पट, म्हणून ताकद चौपट. ४ ओहमवर अठरा-वीस वॅट. डॅशबोर्डखाली वेगळा बसवायचा ‘बूस्टर’ याच तत्त्वावर चाले. पुढे एसजीएसची टीडीए २००५, सॅन्योची एलए ४४४० अशा चिप्सनी हे सर्व एका बोटभर आयसीत आणले. आजही कंपनीच्या टेपवर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले दिसते. तो आकडा १४.४ चा वर्ग भागिले ४ असा, चौकोनी लाटेवर काढलेला असतो. गाण्याच्या लाटेवर हीच चिप गणितानेसुद्धा २६ वॅटच्या पुढे जात नाही. मागचा फ्यूज पाहिला तरी हे कळते: १० अँपिअरच्या फ्यूजमधून १४.४ व्होल्टवर सगळे मिळून १४४ वॅट आत जातात, तिथून २०० वॅट बाहेर कसे पडतील? आपल्याकडे टू-इन-वनच्या डब्यांवर ‘पीएमपीओ’चे, म्हणजे क्षणिक कमाल ताकदीचे, हजारो वॅट मिरवले जात, ती याच घराण्यातली फसवणूक.

खरी वेस ओलांडली गेली ती १९७० च्या दशकात. अ‍ॅरिझोनात जिम फॉसगेट यांनी १९७३ च्या सुमारास गाडीसाठी स्वतंत्र, ताकदवान अ‍ॅम्प्लिफायर बनवून विकायला सुरुवात केली. १९८० मध्ये रॉकफर्ड कॉर्पोरेशनने त्यांची कंपनी घेतली आणि ‘रॉकफर्ड फॉसगेट’ हे नाव रूढ झाले. या पिढीच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात व्हायब्रेटरचीच युक्ती होती. १२ व्होल्टचे तुकडे पाडायचे, ट्रान्सफॉर्मरमधून वर चढवायचे, पुन्हा सरळ करायचे आणि अ‍ॅम्प्लिफायरला प्लस-मायनस ३० व्होल्ट द्यायचे. फरक एवढाच की थरथरणाऱ्या पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर, पुढे मॉस्फेट या प्रकारचे ट्रान्झिस्टर आले. सेकंदाला ११५ तुकड्यांऐवजी पंचवीस-तीस हजार किंवा अधिक तुकडे पडू लागले. आणि वेग वाढल्यामुळे लोखंडी ट्रान्सफॉर्मरचे काम फेराइटच्या लहानशा कड्याने भागू लागले. हे तुकडे पाडायची लय टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएल ४९४ सारखी चिप सांभाळते. प्लस-मायनस ३० व्होल्टवर ४ ओहमला ११२ वॅट मिळतात. चारवरून शंभरावर उडी पडली.

त्या शंभर वॅटबरोबर किती धग येते, हे ताकद वाढवणाऱ्या प्रत्येकाने आधी मांडून पाहायला हवे. अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सहसा असणाऱ्या ‘क्लास एबी’ सर्किटची सर्वाधिक उष्णता पूर्ण आवाजाला निघत नाही, मधल्या आवाजाला निघते. वरच्या उदाहरणात स्पीकरला सुमारे ४६ वॅट जात असतात तेव्हा ट्रान्झिस्टरही तेवढेच, ४६ वॅट, उष्णतेत घालवत असतात. दोन चॅनलचे मिळून ९१. हीट सिंक दर वॅटला अर्धा अंश तापणारा असेल तर तो भोवतालच्या हवेपेक्षा ४६ अंशांनी वर जातो. उन्हात उभ्या गाडीची डिकी ५० अंशांवर असेल तर सिंक ९६ वर पोहोचतो, आणि बहुतेक अ‍ॅम्प्लिफायर ८०-८५ च्या आसपास स्वतःला बंद करून घेतात.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत गाडीतल्या आवाजाच्या स्पर्धा फोफावल्या. १९८९ मध्ये इंटरनॅशनल ऑटो साउंड चॅलेंज असोसिएशन उभी राहिली. स्पर्धेतले गट कंपनीने जाहीर केलेल्या वॅटवरून पडत आणि हे वॅट ४ ओहमवरचे धरले जात. या नियमातल्या फटीने तिसरा मार्ग, रोध कमी करण्याचा, टोकाला नेला. अ‍ॅरिझोनाच्याच ओरायन कंपनीचा २२५ एचसीसीए कागदावर चॅनलमागे फक्त २५ वॅटचा होता. पण त्याचे व्होल्ट कमी आणि वीज वाहून नेण्याची क्षमता अफाट ठेवलेली होती, त्यामुळे अनेक वूफर समांतर जोडून रोध अर्ध्या ओहमवर आणला की तोच कितीतरी पट ताकद देई. दर वेळी रोध निम्मा, ताकद दुप्पट. स्पर्धक अशा यंत्रांना उघडउघड ‘चीटर अ‍ॅम्प’ म्हणत. अभियांत्रिकी म्हणून ती अस्सल होती. लबाडी होती ती फक्त आकड्याच्या पाटीत. मात्र रोध निम्मा झाला की उष्णताही दुप्पट होते, आणि जो साधा अ‍ॅम्प्लिफायर यासाठी घडवलेलाच नाही त्यावर हा प्रयोग करणाऱ्यांच्या डिकीतून धूर निघे.

याच काळात मूळ अ‍ॅम्प्लिफायर उघडून त्याची ताकद वाढवणारे कारागीर तयार झाले. त्यांचे काम जवळून पाहिले तर एकही बदल एकटा करता येत नाही हे दिसते. समजा, दुसऱ्या वेटोळ्याचे फेरे वाढवून ३० व्होल्टचे ४० केले. गणिताने ताकद ११२ वरून २०० वॅटवर जाते. पण आतले कपॅसिटर ३५ व्होल्टचे असतात, ते ५० चे घालावे लागतात. ट्रान्झिस्टरवरची उष्णता चॅनलमागे ४६ वरून ८१ वॅटवर जाते, म्हणून त्यांच्या जोड्या वाढवाव्या लागतात आणि शांत अवस्थेतला प्रवाह नव्याने जुळवावा लागतो. बॅटरीकडून येणारी वीज वाढते, म्हणून वीजपुरवठ्याचे मॉस्फेटही बदलावे लागतात. जुन्या आयआरएफझेड ४४ एन चा रोध १७.५ मिलीओहम; त्यातून २० अँपिअर गेले तर ७ वॅट जळतात. आयआरएफ ३२०५ चा रोध ८ मिलीओहम, म्हणजे तेवढ्याच प्रवाहाला ३.२ वॅट. बदल सोपा वाटतो, पण नव्या मॉस्फेटचे गेट भरायला दुपटीहून जास्त विद्युतभार लागतो. तो पुरवणारे ड्रायव्हर तेच ठेवले तर मॉस्फेट धड उघडत नाही, धड मिटत नाही, आणि वाचवलेले वॅट त्या अर्धवट अवस्थेत जळून जातात. शिवाय वीजपुरवठ्याच्या या सर्किटमध्ये बंद मॉस्फेटवर बॅटरीच्या दुप्पट व्होल्ट पडतात, वर उसळीचे वेगळे. स्पर्धेसाठी १६ व्होल्टची बॅटरी लावणाऱ्यांच्या गाडीत ५५ व्होल्टच्या मॉस्फेटला फारशी सवड उरत नाही.

थंड करण्याच्या कलेत दिखाऊपणाला जागा कमी आहे, म्हणून ती जास्त विश्वासार्ह आहे. उष्णता ट्रान्झिस्टरच्या तुकड्यातून त्याच्या पाठीत, पाठीतून अभ्रकाच्या पातळ चकतीतून हीट सिंकमध्ये आणि तिथून हवेत जाते. ही वाट कुठेही अडली तर पुढचा सगळा खर्च वाया. चकतीच्या दोन्ही बाजूंना पांढरा कंपाउंड लागतो, पण पातळ. धातूच्या खाचखळग्यांतली हवा बाहेर पडावी एवढाच. तो थापला की उलट अडथळा होतो. स्क्रू सैल असेल तर ट्रान्झिस्टर एका कडेने उचलला जातो आणि जळून गेल्यावरच ते कळते. पाती उभी राहतील असा अ‍ॅम्प्लिफायर बसवला तर तापलेली हवा आपोआप वर निघून जाते. डिकीच्या छताला उलटा टांगला तर ती पात्यांतच कोंडते. संगणकातला ८० मिलिमीटरचा पंखा १२ व्होल्टवरच चालतो, म्हणून तो गाडीत सहज रुळला. पात्यांच्या लांबीने वारा दिला की अर्ध्या अंशाचा सिंक दर वॅटला ०.२ अंशापर्यंत उतरू शकतो. मग तेच ९१ वॅट त्याला ४६ ऐवजी १८ अंशच वर नेतात. ४५-५० अंशांना जोडणी करणारी दोनधातूची कळ पंख्याच्या वायरीत टाकली की तो गरजेपुरताच फिरतो. आपल्या रस्त्यांवर मात्र पंखा धूळही ओढतो आणि सहा महिन्यांत पात्यांवर तिचा थर बसतो. जाळी लावली तर ती वेळोवेळी साफ करावी लागते, हे काम कुणी करत नाही, आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीला येतो तो त्यामुळेच.

भारतात हा धंदा वेगळ्या वाटेने वाढला. १९९१ पूर्वी आयातीवर कडक बंधने होती आणि बाहेरचा तयार अ‍ॅम्प्लिफायर घेणे सामान्य गाडीमालकाच्या आवाक्याबाहेर होते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली इथे सुटे भाग मिळत, आणि टॅक्सी, जीप, ट्रक, पुढे मारुती ८०० साठी अ‍ॅम्प्लिफायर तिथल्या सुट्या भागांतून जुळवले जात. ४४४० या आयसीचे बोर्ड या धंद्याचा कणा ठरले. एक आयसी स्टिरिओत चॅनलमागे ६ वॅट देते. तीच ब्रिज केली की १९. म्हणून मिस्त्री दोन आयसी लावून दोन्ही बाजू ब्रिज करत आणि पाठीमागे अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी ठोकत. मोठ्या ताकदीसाठी तोशिबाच्या ५२०० आणि १९४३ ट्रान्झिस्टरांच्या जोड्या आल्या. मंडपवाल्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येही त्याच होत्या, त्यामुळे हातातले कसब एका धंद्यातून दुसऱ्यात गेले. या कारागिरांकडे अमेरिकन स्पर्धकांसारखी साधने नव्हती. बोट ठेवून सिंक किती तापला ते सांगणे, आवाज फाटायला लागला की कुठली आयसी दमली ते ओळखणे, यावर काम चाले. या ज्ञानाची नोंद फारशी कुणी ठेवली नाही, ही खरोखर हानी आहे. नकली ट्रान्झिस्टरांचा सुळसुळाट हा त्यांच्या वाटेतला मोठा काटा होता. वरचे छापील अक्षर तेच, पण आतला तुकडा लहान, आणि ताण पडताच तो जाई.

उष्णता मुळातच कमी करणारा मार्ग ‘क्लास डी’चा. ही कल्पना जुनी होती, १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी असे संच विकूनही पाहिले होते. पण त्यासाठी लागणारे वेगवान मॉस्फेट नंतर आले आणि गाडीच्या वूफरसाठी ही पद्धत २००० च्या आगेमागे सर्रास झाली. यात ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असतो, मधली तापणारी अवस्था जवळपास नाहीच. वीजपुरवठ्यासकट ८० टक्के कार्यक्षमता धरली तर १००० वॅटसाठी बॅटरीतून ८७ अँपिअर लागतात. जुन्या क्लास एबी पद्धतीत निम्मी वाया धरली तर १३९. उष्णता १००० वॅटवरून २५० वर आली. हीट सिंक आखडले, पंखे लहान झाले आणि अडचण अ‍ॅम्प्लिफायरमधून सरकून बॉनेटखाली गेली. लहान गाडीचा अल्टरनेटर साठ ते नव्वद अँपिअरचा, त्यातून इंजिन आणि दिवेही चालवायचे. बेसच्या ठोक्याबरोबर हेडलाइट मंदावू लागले. त्यावर अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते सांगाडा आणि सांगाडा ते इंजिन या तीन वायरी जाड करणे हा सर्वांत स्वस्त आणि खरा उपाय ठरला. एक फॅरडचा चकचकीत कपॅसिटर लावणे ही मात्र बहुतांशी हौस. तो १४.४ वरून १२.४ व्होल्टपर्यंत उतरताना जेमतेम २७ जूल देतो, म्हणजे हजार वॅटची गरज सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागापुरती भागवतो.

आकड्यांच्या गोंधळाला आळा घालण्यासाठी अमेरिकेतल्या कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशनने २००३ मध्ये सीईए-२००६ हे मानक आणले. १४.४ व्होल्ट, ४ ओहम, विकृती १ टक्क्याच्या आत, या अटींवर मोजलेले वॅटच खोक्यावर लिहायचे. मानक ऐच्छिक आहे, पण ते पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या कंपन्यांत फरक करायला खरेदीदाराला आधार मिळाला. नव्या क्लास डी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये सुटे भाग इतके बारीक आणि दाट असतात की उघडून ताकद वाढवण्याचा धंदा जवळपास थांबला. जास्त वॅट हवे असतील तर मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेणे स्वस्त पडते. हौशी कारागिरांकडे आता येतात ते १९८०-९० च्या दशकातले जड, पात्यांचे अ‍ॅम्प्लिफायर. दर दहा अंश जास्तीच्या धगीला कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते, त्यामुळे तीस वर्षांत ते आतून सुकलेले असतात. कारागीर त्यांच्या जागी १०५ अंशांचे कपॅसिटर घालतात, दगडासारखा झालेला कंपाउंड खरवडून नवा लावतात, अभ्रकाच्या चकत्या बदलतात, जागा असेल तर पंखा देतात आणि व्होल्ट मूळचेच ठेवतात.